मायभूमीचा चितारी

ऑस्ट्रेलिया खंडाच्या नकाशावर अगदी मधोमध बोट ठेवले, तर ते ॲलिस स्प्रिंग्ज या गावाच्या आसपास पडते. येथून कोणत्याही दिशेला निघाले, तरी समुद्र शेकडो कोस दूर. माती तांबडी, खडक तांबडे, आणि या तांबड्या भूमीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे पसरलेली मॅक्डॉनेल पर्वताची लांबच लांब रांग. पावसाचा काही नेम नाही. कधी एका रात्रीत नद्यांना पूर येतो, तर कधी वर्षामागून वर्षे लोटली तरी नदीच्या पात्रात पाण्याचा टिपूस दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात जे गोरे प्रवासी या भागात आले, त्यांपैकी बहुतेकांना हा मुलूख भयाण आणि ओसाड वाटला. येथे पाहण्यासारखे आणि रंगवण्यासारखे काही असेल, असे फारच थोड्यांच्या मनात आले.

परंतु याच भूमीवर हजारो वर्षांपासून राहत आलेल्या अरांडा लोकांना ती कधीच ओसाड वाटली नाही. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे सृष्टीच्या आरंभी त्यांचे पूर्वज जमिनीच्या पोटातून वर आले. कोणी माणसाच्या रूपात होते, कोणी पशुपक्ष्यांच्या. त्यांनी या भूमीवरून दूरदूरचा प्रवास केला. त्यांच्या चालण्याने, थांबण्याने, झुंजण्याने आणि निजण्याने डोंगर, दऱ्या, झरे व खडक यांना आकार आला. अखेरीस ते पूर्वज पुन्हा त्याच भूमीत विलीन झाले. म्हणून अरांडा माणसाच्या दृष्टीने डोंगर हा नुसता दगडमातीचा ढीग नसतो. तो त्याच्या कुळातलाच कोणी असतो. कोणत्या स्थळाची कथा कोणी सांगायची, त्याचे गीत कोणी गायचे आणि त्याची राखण कोणी करायची, हेही परंपरेने ठरलेले असते. या आदिकाळाला इंग्रज अभ्यासकांनी पुढे स्वप्नकाळ असे नाव दिले; पण तेथील लोकांच्या लेखी तो काळ कधी संपलेलाच नाही.

या प्रदेशात त्नोराला नावाचा एक वर्तुळाकार डोंगर आहे. फार प्राचीन काळी आकाशातून एक प्रचंड पिंड येऊन तेथे आदळला आणि त्या आघाताने खडक वर उचलले गेले, असे शास्त्रज्ञ सांगतात. अरांडा लोक सांगतात, की आकाशगंगेत काही स्त्रिया तारकांच्या रूपात नाचत होत्या. त्यांतील एकीने आपले तान्हे मूल लाकडी परातीत निजवून बाजूला ठेवले. परात कलंडली, मूल पृथ्वीवर कोसळले, आणि जेथे ते पडले तेथे भोवतालचे खडक उसळून हा डोंगर झाला. पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा म्हणजे त्या मुलाचे आईबाप; ते अजून त्याला शोधत फिरत आहेत. ज्या लोकांना डोंगर पाहून एका हरवलेल्या मुलाची आठवण होते, त्यांचे आपल्या भूमीशी असलेले नाते किती जिव्हाळ्याचे असेल, याची यावरून कल्पना येते.

अशा लोकांमध्ये २८ जुलै १९०२ रोजी एका मुलाचा जन्म झाला. ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेस सुमारे १२५ किलोमीटरवर, फिंक नदीच्या काठी हर्मन्सबर्ग नावाची वस्ती आहे. जर्मन धर्मप्रचारकांनी १८७७ मध्ये तेथे आपले मिशन स्थापले होते. मुलाचे नाव एलिया ठेवण्यात आले. त्याच्या वडिलांचे नाव नमत्जिरा आणि आईचे नाव ल्युकुता. १९०५ मध्ये या कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि एलियाचा आल्बर्ट झाला. हाच मुलगा पुढे आल्बर्ट नमत्जिरा या नावाने साऱ्या ऑस्ट्रेलियाला माहीत झाला.

आल्बर्टचे बालपण दोन जगांत गेले. मिशनच्या रीतीप्रमाणे त्याला आईबापांपासून वेगळे, मुलांच्या वसतिगृहात राहावे लागे. तेथे तो लिहावाचायला शिकला, प्रार्थना म्हणू लागला. फावल्या वेळी तो गुरांचा कोंडवाडा, घोड्यांवरचे गुराखी, शिकारीला निघालेले लोक अशी भोवतालची दृश्ये रेखाटीत असे. परंतु तेरा वर्षांचा होताच त्याच्या शिक्षणाची दुसरी शाळा सुरू झाली. कुळातील वडीलधाऱ्या मंडळींनी त्याला सुमारे सहा महिने रानात नेले. तेथे त्याला अरांडा पुरुषाची दीक्षा मिळाली. पाणी कोठे सापडते, कोणत्या स्थळी पाऊल टाकायचे नाही, आपल्या पूर्वजांचा मार्ग कोणत्या खिंडीतून जातो, हे सारे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते त्या भूमीवरच लिहिलेले होते. आल्बर्टने ते आयुष्यभर जपले. मिशनमध्ये शिकलेला धर्म त्याने सोडला नाही आणि पूर्वजांचा वारसाही टाकला नाही.

अठराव्या वर्षी आल्बर्टने मिशन सोडले आणि शेजारच्या कुकाचा जमातीतील इल्कलिता या मुलीशी विवाह केला. हा विवाह जातीच्या नियमांत बसणारा नव्हता, म्हणून काही वर्षे त्याला आपल्या माणसांपासून दूर राहावे लागले. १९२३ मध्ये हे जोडपे हर्मन्सबर्गला परतले. तेथे इल्कलितेला रुबिना हे नाव मिळाले. संसार वाढत गेला. पाच मुलगे व तीन मुली लहानाचे मोठे झाले. पोटासाठी आल्बर्ट मिळेल ते काम करीत. लोहारकाम, सुतारकाम, गुरे राखणे, मेंढ्यांची लोकर कातरणे आणि उंट हाकणे ही सर्व कामे त्यांना येत. उंट हे मूळचे ऑस्ट्रेलियातील नव्हेत. वाळवंटातील वाहतुकीसाठी ते एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थान आणि अफगाणिस्तान यांकडून समुद्रमार्गे नेण्यात आले होते. या उंटांमुळेच आल्बर्टना आपला सारा मुलूख पायाखाली घालता आला. आणि पुढे उंटच त्यांना चित्रकलेकडे घेऊन गेले.

१९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या भागात भीषण दुष्काळ पडला. ताजे अन्न मिळेनासे झाले आणि हर्मन्सबर्गमधील कितीतरी बालके दगावली. मिशनचे प्रमुख पाद्री आल्ब्रेख्ट यांनी काही मैलांवरच्या कापोरिल्या झऱ्याचे पाणी नळाने आणण्याचे मनावर घेतले, पण त्यासाठी पैसा नव्हता. तेव्हा मेलबर्न शहरातील व्हायोलेट टीग या चित्रकर्त्रीने आणि तिची बहीण ऊना हिने चित्रांची विक्री करून निधी उभा केला. १९३५ मध्ये पाणी वस्तीत आले. कागदावरच्या रंगांनी तहानलेल्या गावाला पाणी मिळू शकते, ही गोष्ट हर्मन्सबर्गच्या लोकांनी प्रत्यक्ष पाहिली.

या सुमारास आल्बर्ट बूमरँग, भाल्याची फेकणी आणि लाकडी फळ्या तयार करून त्यांवर तापलेल्या तारेने नक्षी डागीत आणि त्या वस्तू प्रवाशांना विकीत. १९३४ मध्ये रेक्स बॅटरबी आणि जॉन गार्डनर हे दोन चित्रकार हर्मन्सबर्गला आले. त्यांनी त्या परिसराची काढलेली जलरंगातील चित्रे वस्तीतील लोकांना दाखवली. लोक एकेका चित्रापुढे खिळून उभे राहिले. तो ओळखीचा कडा, ती ओळखीची दरी, ते नदीकाठचे झाड! आल्बर्टनीही ती चित्रे पाहिली. आपला हा डोंगर आपल्यालाही असा काढता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी कागद आणि रंग मिळवले आणि आपल्या परीने खटपट सुरू केली.

१९३६ मध्ये बॅटरबी पुन्हा आले. हे गृहस्थ पहिल्या महायुद्धात जबर जखमी झाले होते आणि दीर्घकाळ इस्पितळात काढल्यावर चित्रकलेकडे वळले होते. त्यांना रानात हिंडण्यासाठी उंट हाकणारा आणि वाटाड्या हवा होता. आल्बर्ट ते काम करण्यास तयार झाले. त्याच्या मोबदल्यात बॅटरबींनी आपल्याला रंगवायला शिकवावे, एवढीच त्यांची मागणी होती. महिना महिना मुदतीच्या दोन सफरी झाल्या. पाम व्हॅली नावाच्या दरीत, जेथे चोहोकडे वाळवंट असूनही उंच ताडांची हिरवीगार राई टिकून आहे, तेथे या गुरुशिष्यांचा मुक्काम पडे. दिवसा आल्बर्ट वाट दाखवीत, तळ उभारीत, उंटांची निगा राखीत. आणि उरलेल्या वेळात गुरूच्या शेजारी बसून रंग पातळ कसा करावा, कागद किती ओला ठेवावा, सावलीत निळा रंग कोठे मिसळावा, हे पाहत. शिष्याची समज इतकी तीव्र होती, की थोड्याच दिवसांत गुरूलाच आश्चर्य वाटू लागले. रंग कसा लावावा हे बॅटरबींनी शिकवले. पण कोणत्या वेळी कोणता डोंगर कसा दिसतो, हे त्या वाटाड्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

१९३७ मध्ये बॅटरबींनी ॲडलेड शहरातील आपल्या प्रदर्शनात शिष्याची तीन चित्रे मांडली. १९३८ च्या डिसेंबरात मेलबर्नमध्ये आल्बर्ट नमत्जिरा यांच्या एकट्याच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले. त्यात ४१ चित्रे होती आणि ती सर्व तीन दिवसांत विकली गेली. पुढच्याच वर्षी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कलासंग्रहालयाने त्यांचे एक चित्र विकत घेतले. यानंतर सिडनी, मेलबर्न, ॲडलेड येथे प्रदर्शनामागून प्रदर्शने होऊ लागली. हजारो घरांच्या भिंतींवर त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती झळकू लागल्या. शहरात वाढलेल्या ज्या लोकांनी आपल्या देशाचा मध्यभाग कधी पाहिला नव्हता, त्यांना तो नमत्जिरांनी दाखवला.

काय होते या चित्रांत? पुढे बहुधा एखादे पांढऱ्याशुभ्र खोडाचे झाड असे. निलगिरीच्या जवळच्या कुळातील हे झाड उन्हात इतके लखलखते आणि चांदण्यात इतके गूढ दिसते, की गोऱ्या लोकांनी त्याला भुताचे झाड असे नाव दिले आहे. त्याच्या मागे पिवळ्या गवताचे मैदान, त्यापलीकडे तांबडे कडे, आणि अगदी दूरवर जांभळ्या-निळ्या पर्वतांची ओळ. त्या ओळीत पुष्कळदा रुट्जिप्मा नावाचे शिखर दिसते. निजलेल्या स्त्रीसारखा त्याचा आकार आहे. इंग्रजांनी त्याला माउंट सॉन्डर म्हटले. आल्बर्टनी ते पहाटेच्या, दुपारच्या आणि सायंकाळच्या प्रकाशात पुन्हा पुन्हा रंगवले. भाविक माणूस रोज त्याच देवळात जातो, तरी त्याला कंटाळा येत नाही. तसेच काहीसे हे होते.

सर्वच जाणकारांना ही चित्रे आवडली असे नव्हे. आदिवासी माणसाने गोऱ्यांची पद्धत उचलली, ही नुसती नक्कल आहे, असा आक्षेप काही टीकाकारांनी घेतला. त्यांना चित्रात दिसली ती परकी रीत. चित्रातील भूमी कोणाची आहे, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. पूर्वजांच्या पवित्र खुणा सर्वांसमोर उघड करणे आल्बर्टना मान्य नव्हते. परंतु ज्या स्थळांशी त्या खुणा निगडित होत्या, ती स्थळे त्यांनी आदराने आणि अचूकपणे रंगवली. परक्या माणसाला तेथे एक सुंदर देखावा दिसे, तर अरांडा माणसाला आपल्या पूर्वजांचे घर दिसे. एकाच चित्राचे हे दोन अर्थ आहेत, हे जगाला कळण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

कीर्तीबरोबर पैसाही आला. परंतु आल्बर्टच्या जातीत एकट्याने खाण्याची रीत नव्हती. ज्याच्याजवळ आहे त्याने नात्यातल्या सर्वांना द्यावे, हा तेथील धर्म. नाते तर दूरदूरपर्यंत पसरलेले. त्यामुळे चित्रे विकून जे मिळे, ते अन्न, कपडे आणि प्रवास यांत कितीतरी माणसांच्या उपयोगी पडे. पैसा हाती टिकत नसे, आणि आल्बर्टना त्याची खंतही वाटत नसे. त्यांनी आपली विद्याही अशीच वाटून टाकली. त्यांचे मुलगे आणि इतर नातलग त्यांच्याजवळ बसून रंगवू लागले, आणि पाहता पाहता हर्मन्सबर्गला चित्रकारांचा एक संप्रदायच तयार झाला.

मात्र याच माणसाला आपल्याच देशात किती हक्क होते? त्या काळी त्या भागातील आदिवासींना नागरिक मानीत नसत. त्यांना मत देता येत नसे, मनाला येईल तेथे राहता येत नसे. १९५० च्या सुमारास आल्बर्टनी गुरे पाळण्यासाठी थोडी जमीन भाडेपट्ट्याने मागितली. ती त्यांना नाकारण्यात आली. पुढे ॲलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधण्याची त्यांनी इच्छा धरली. तीही पुरी झाली नाही, कारण सूर्यास्तानंतर आदिवासींना गावात राहण्याची मनाई होती. चित्रांच्या मिळकतीवर मात्र सरकार त्यांच्याकडून प्राप्तिकर वसूल करीत असे. ज्या भूमीची चित्रे काढून त्यांनी देशाचे नाव उजळले, त्या भूमीचा हातभर तुकडाही कायद्याने त्यांचा होऊ शकला नाही. गावाबाहेर, मॉरिस सोक नावाच्या ओढ्याकाठच्या तळावर, ते आपल्या माणसांसह उघड्यावर राहत.

आणि त्याच वर्षांत त्यांच्यावर मानसन्मानांचा वर्षाव होत होता! १९५३ मध्ये त्यांना राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणानिमित्तचे पदक मिळाले. १९५४ मध्ये राणी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आल्या, तेव्हा राजधानी कॅनबेरा येथे आल्बर्टची त्यांच्याशी भेट घडवून आणण्यात आली. १९५६ मध्ये विल्यम डार्गी या चित्रकाराने त्यांचे व्यक्तिचित्र रंगवले आणि त्याला व्यक्तिचित्रांसाठीचे आर्चिबाल्ड पारितोषिक लाभले. मोठमोठ्या शहरांत लोक त्यांना पाहण्यासाठी गर्दी करीत. समारंभ आटोपला, की हा चितारी पुन्हा ओढ्याकाठच्या आपल्या तळावर येऊन बसे.

अखेर १९५७ मध्ये आल्बर्ट आणि रुबिना या दोघांवरील सरकारी निर्बंध उठवण्यात आले आणि त्यांना नागरिकाचे हक्क मिळाले. पण या देणगीतच मोठी आपत्ती दडलेली होती. हक्क मिळाले ते पतिपत्नी दोघांनाच. त्यांची मुले, भाऊबंद, शिष्य हे सर्व पूर्वीप्रमाणेच सरकारचे पाल्य राहिले. नागरिकाला मद्य विकत घेण्याची मुभा होती. पाल्याला ते देणे हा मात्र गुन्हा होता. एका कायद्याने आल्बर्टना आपल्या माणसांपासून वेगळे काढले, तर पूर्वजांचा कायदा त्यांना बजावीत होता, की जे तुझे आहे ते तुझ्या भावाचेही आहे. या दोन कायद्यांच्या कात्रीत तो भला माणूस सापडला.

१९५८ मध्ये जे घडायचे ते घडले. त्यांच्याच नात्यातील हेनॉक रबेरबा या चित्रकाराला त्यांच्याकडून मद्य मिळाले, असा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. मोटारीच्या बैठकीवर ठेवलेली बाटली त्याने घेतली होती. या व्यसनापायी तळावर कलह माजत होता, एका स्त्रीचा जीवही गेला होता. त्यामुळे प्रकरणाला गंभीर रूप आले. आल्बर्टना सहा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. साऱ्या देशात खळबळ उडाली. दूरदूरच्या लोकांनी निषेध केला, वरच्या न्यायालयात दाद मागण्यात आली आणि शिक्षा तीन महिन्यांवर आली. सर्वोच्च न्यायालयाने पुढे हस्तक्षेप करण्यास नकार दिला. सरकारने एवढीच सवलत दिली, की ही शिक्षा तुरुंगात न भोगता पापुन्या नावाच्या आदिवासी वसाहतीत भोगावी.

पापुन्या हे ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस सुमारे २४० किलोमीटरवर आहे. १९५९ मध्ये तेथे आल्बर्टनी दोन महिने काढले. प्रकृती ढासळलेली असल्याने त्यांना मुदतीपूर्वीच सोडण्यात आले. परंतु आतून ते पार खचून गेले होते. आपण आपल्या माणसांत वागतो तसे वागलो, मग अपराध कोणता केला, हे कोडे त्यांना उलगडले नाही. चित्र काढण्यावरचे त्यांचे मन उडाले. थोड्याच दिवसांत हृदयविकाराने त्यांना ॲलिस स्प्रिंग्जच्या इस्पितळात न्यावे लागले. जुने गुरू बॅटरबी यांना त्यांनी तीन चित्रे भेट दिली. तीच त्यांची अखेरची गुरुदक्षिणा ठरली. ८ ऑगस्ट १९५९ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. ॲलिस स्प्रिंग्जच्या दफनभूमीत, ज्या गावात त्यांना घर बांधू दिले नव्हते त्याच गावात, त्यांना कायमची जागा मिळाली.

आल्बर्ट नमत्जिरा गेले; पण त्यांच्यावर झालेला अन्याय लोकांच्या मनाला टोचत राहिला. नागरिकत्व हे वाटेल त्याला द्यावे, वाटेल त्याला नाकारावे असे दान नव्हे, ही जाणीव वाढू लागली. १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जनतेने प्रचंड बहुमताने राज्यघटनेत बदल केला आणि आदिवासींना वेगळे ठेवणारी कलमे दूर केली. १९७६ मध्ये त्या भागातील आदिवासींचा आपल्या पूर्वजांच्या भूमीवरील हक्क मान्य करणारा कायदा झाला. १९८२ मध्ये हर्मन्सबर्गची जमीन तिच्या मूळ मालकांच्या, म्हणजे अरांडा लोकांच्या, स्वाधीन करण्यात आली.

चित्रकलेच्या प्रांतात तर याहूनही नवल घडले. ज्या पापुन्यात आल्बर्टनी आपल्या शिक्षेचे दिवस काढले, त्याच पापुन्यात बारा वर्षांनी, १९७१ मध्ये, जेफ्री बार्डन नावाचे एक शिक्षक शाळेत आले. तेथील मुले आणि वडीलधारी माणसे वाळूत बोटांनी जी चिन्हे काढतात, ती त्यांनी पाहिली. एकात एक काढलेली वर्तुळे म्हणजे पाणवठा किंवा तळ, त्यांना जोडणाऱ्या रेघा म्हणजे पूर्वजांचा प्रवास, आणि घोड्याच्या नालासारखी खूण म्हणजे भुईवर बसलेला माणूस. बार्डन यांच्या प्रोत्साहनाने तेथील पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मध मुंगीच्या पूर्वजकथेचे भव्य चित्र रंगवले. मग फळ्यांवर आणि कापडावर चित्रे निघू लागली. १९७२ मध्ये त्या चित्रकारांनी आपली स्वतःची संस्था उभारली. पवित्र गोष्टी परक्यांपुढे उघड्या पडू नयेत, म्हणून पुढे पुढे ते त्या खुणा ठिपक्यांच्या जाळ्याखाली झाकू लागले. हीच ठिपक्यांची वाळवंटी चित्रकला आज जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने विराजमान झालेली आहे.

नमत्जिरांची चित्रे आणि ही ठिपक्यांची चित्रे दिसायला अगदी निराळी आहेत. एकात डोंगर समोरून पाहिलेला दिसतो, तर दुसऱ्यात भूमी जणू आकाशातून पाहिलेली दिसते. तरी दोन्हींचा गाभा एकच आहे. ही आमची भूमी आहे, तिची कथा आम्हांला ठाऊक आहे आणि तिची राखण आमच्याकडे आहे, हेच दोन्ही चित्रे सांगतात. आदिवासी माणसाच्या हातातील कुंचला साऱ्या देशाला थांबून पाहायला लावू शकतो, हे आल्बर्टनी आधीच सिद्ध केले होते. त्यामुळे मागून येणाऱ्यांची वाट थोडी सोपी झाली.

त्यांच्या चित्रांची एक हकिगत मात्र मनाला चटका लावते. त्यांच्या मृत्यूनंतर ती चित्रे छापण्याचा हक्क १९८३ मध्ये दुसऱ्यांना विकून टाकण्यात आला. त्यांच्या वंशजांना आपल्याच आजोबांच्या चित्रांतून काही मिळेनासे झाले. दीर्घ खटपटीनंतर २०१७ मध्ये हा हक्क कुटुंबाच्या विश्वस्त निधीकडे परत आला. २०२० मध्ये आल्बर्टचे पणतू व्हिन्सेंट नमत्जिरा यांना चित्रकार म्हणून तेच आर्चिबाल्ड पारितोषिक मिळाले, जे पूर्वी आल्बर्टच्या व्यक्तिचित्राला मिळाले होते. या पारितोषिकाचे ते पहिले आदिवासी मानकरी ठरले.

आल्बर्टनी ज्यांना आपल्या चित्रांनी अमर केले होते, ती ॲलिस स्प्रिंग्जजवळची पांढऱ्या खोडांची जोडझाडे २०१३ च्या जानेवारीत जळून गेलेली आढळली. झाडे जळतात, माणसे जातात, कायदेही बदलतात. परंतु रुट्जिप्मा आपल्या जागी निजलेलाच आहे. सायंकाळी सूर्य कलला, की त्याचे कडे आधी तांबूस, मग जांभळे आणि शेवटी गर्द निळे होतात. तो पाहणाऱ्या प्रवाशाच्या मनात आपोआप एका उंट हाकणाऱ्या चिताऱ्याचे नाव येते. कागदावरच्या दस्तऐवजाने ती भूमी त्याची कधीच झाली नाही. पण आज जग तिला त्याच्याच डोळ्यांनी ओळखते.